मुलुंडच्या त्या कॉम्प्युटरबद्दल

दादर, मुंबई
रविवार, 18 जानेवारी 2026

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे काल दुपारी मुलुंडला जाऊन तो जुना गेमिंग कॉम्प्युटर पाहून आलो. फोनवर तू एकच प्रश्न विचारला होतास, की 53 हजारांना तो घ्यावा की नाही. त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण पैसे तुझे आहेत आणि चिपळूणला बसून तुला यंत्र दिसत नाही, म्हणून मी काय पाहिले आणि हिशेब कसा केला ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगितले असते तर निम्मे तू विसरला असतास आणि निम्मे मी.

विकणारा मुलगा सभ्य वाटला. नोकरीसाठी परगावी चालला आहे, कॉम्प्युटर सोबत नेता येत नाही म्हणून विकतो आहे. त्याने एप्रिल 2021 चे मूळ बिल आपणहून पुढे केले, ही गोष्ट मला फार आवडली, कारण बिलावरून माल चोरीचा नाही एवढे तरी कळते. पडद्यावरची चित्रे तयार करणारे ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3060, प्रोसेसर रायझन 5 5600एक्स, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, माहिती साठवणारा 500 जीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह, सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस आणि एका बाजूला काच असलेले कॅबिनेट असा सगळा संच आहे. मॉनिटर आणि की-बोर्ड तो देणार नाही. बिलाची बेरीज 1 लाख 7 हजार. "काका, मी बरोबर अर्धी किंमत लावली आहे," असे तो म्हणाला, आणि आमचा सगळा वाद पुढे या एका वाक्याभोवतीच फिरला.

त्या बिलात एकट्या कार्डापुढे 56 हजार लिहिले आहेत. हे कार्ड 2021 च्या फेब्रुवारीत बाजारात आले तेव्हा कंपनीने त्याची किंमत 329 डॉलर जाहीर केली होती, परंतु त्या वर्षी चिपांची टंचाई होती आणि इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (कार्डांकडून अखंड गणिते करवून ते चलन कमावण्यासाठी) लोक दिसेल ते कार्ड उचलत होते, त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागे. त्या पोराने चढत्या बाजारात घेतले, हे त्याचे दुर्दैव. मात्र त्याला तेव्हा बसलेला भुर्दंड तू आज अर्धा वाटून घ्यावास, असे काही कारण मला दिसत नाही. त्याचे 56 हजार कधीच बुडाले आहेत. आज प्रश्न एवढाच, की हेच कार्ड जुन्या बाजारात दुसरीकडे कितीला मिळते. त्यासाठी शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून मी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली होती (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला लॅमिंग्टन रोडच म्हणतो). तीन दुकानांत विचारले. 15 ते 17 हजारांच्या दरम्यान भाव सांगितला गेला. मी 16 धरले.

आता तुझी मुख्य भीती, म्हणजे कार्ड मायनिंगमध्ये रात्रंदिवस जुंपून झिजवलेले आहे की काय. इथेरियमचे मायनिंग 15 सप्टेंबर 2022 रोजी कायमचे बंद झाले, त्यामुळे या कार्डाकडून कुणी तसे काम करून घेतलेच असेल तर जास्तीत जास्त दीड वर्ष. शिवाय 3060 मध्ये मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारी अडवणूक कंपनीनेच घातली होती, जरी लोकांनी तिच्यातून पळवाटा काढल्या. विकणाऱ्याला विचारून उपयोग नसतो. "मायनिंग केले होते" असे सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे. म्हणून मी ड्राइव्हची साक्ष काढली. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम ड्राइव्ह एकूण किती तास चालू होता ते दाखवतो. आकडा आला 7,900 तास. एप्रिल 2021 पासून कालपर्यंत साधारण 1,735 दिवस होतात, म्हणजे दिवसाला सरासरी साडेचार तास. मायनिंग करणारे यंत्र रात्रंदिवस चालते आणि एका वर्षातच 8,760 तास भरतात. काही ड्राइव्ह स्वस्थ पडून असतानाचे तास मोजत नाहीत, त्यामुळे हा पुरावा शंभर टक्के नव्हे. पण ड्राइव्ह त्याच बिलातला आहे आणि हे साडेचार तास कॉलेजच्या मुलाच्या दिनक्रमाशी जुळतात. मी समाधान मानले.

त्यानंतर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून कार्डाची ओळख पटवली. 3060 या एकाच नावाने 12 जीबीचे आणि नंतर निघालेले 8 जीबीचे अशी दोन कार्डे विकली गेली. 8 जीबीच्या कार्डात मेमरीचा मार्ग 192 ऐवजी 128 बिटांचा, म्हणजे तेथे नुसती मेमरीच कमी नाही, तिचा वेगही कमी. हे 12 जीबीचेच आहे. चिरंजीव ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचे सॉफ्टवेअर शिकतो आहे असे तू म्हणालास, त्याला या जादा मेमरीचा गेमपेक्षाही अधिक उपयोग होईल. मग फरमार्क हा चाचणीचा प्रोग्राम लावून कार्डाला अर्धा तास पूर्ण ताण दिला. खोलीतला पंखा मी मुद्दाम बंद करायला लावला. मुलाच्या आईने दारातून माझ्याकडे पाहिले ते पाहता त्यांना मी फार बरा माणूस वाटलो नसेन. तापमान 74 अंशांवर जाऊन स्थिरावले, चित्रात ठिपके किंवा रेघा आल्या नाहीत. कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एक मात्र सुरू होताना पहिली दहा-बारा सेकंद कटकट आवाज करतो, नंतर गप्प होतो. बेअरिंग झिजत आले आहे. आज ना उद्या पंखा बदलावा लागेल; काम मोठे नाही, पण भाव करताना मी ते बोलून दाखवले.

स्क्रू आणि मागच्या पट्ट्या स्वच्छ आहेत, गंज नाही. हे एवढ्यासाठी लिहितो, की गेल्या वर्षी वरळीला समुद्रासमोरच्या एका घरातला कॉम्प्युटर पाहिला होता, त्याच्या पोर्टांवर हिरवट पूड साचलेली होती आणि मालकाला त्याचे काहीच वाटत नव्हते.

एक गंमत सांगतो. सीपीयू-झेड या तशाच प्रोग्राममध्ये पाहिले तर रॅम एकाच चॅनेलवर, 1200 मेगाहर्ट्झने, म्हणजे दुपटीच्या हिशेबाने 2400 ने चालत होती, आणि रॅमवर तर 3200 छापलेले. काच काढून पाहतो तो 8 जीबीच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत बसवलेल्या. एक खाच सोडून बसवल्या असत्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केली असती तर पोराला पैसा न खर्चता वेग मिळाला असता. जवळजवळ पाच वर्षे तो अर्ध्या रस्त्यावरूनच गाडी चालवत होता. मी तिथेच बदलून दिले. त्याचा चेहरा पडला, मग तो हसायला लागला.

खरी अडचण एसएमपीएसची आहे, आणि या एका गोष्टीकडे जुना कॉम्प्युटर घेणारे दहापैकी नऊ जण पाहत नाहीत, कारण तो कॅबिनेटच्या तळाशी पत्र्याआड असतो. एसएमपीएस म्हणजे झाकली मूठ. 56 हजारांच्या कार्डाला वीज पुरवायला या गृहस्थाने अडीच हजारांचा, नावही न ऐकलेला एसएमपीएस लावला आहे. सगळा पैसा कार्डात गेल्यावर हातात उरले असेल तेवढ्याचा घेतला असावा. बाहेर मोठ्या अक्षरांत 600 वॅट लिहिले आहे. मी मोबाइलचा टॉर्च मारून बाजूची पट्टी वाचली, तर 12 व्होल्टच्या रकान्यात 26 अँपिअर. बाराला सव्वीसने गुण, 312 वॅट येतात, आणि कार्ड व प्रोसेसर या 12 व्होल्टवरच जगतात. कार्ड एकटे 170 वॅट घेते, प्रोसेसर ताणाखाली 76 पर्यंत जातो, म्हणजे 246 झाले. त्यात पंखे आणि बाकीचे किरकोळ मिळवले, शिवाय कार्ड क्षणार्धात अंगभर वीज ओढते ते झटके धरले, तर हातात फारसे काही उरत नाही. छापलेला आकडा खरा असेल हे गृहीत धरून. मुंबईत वीज स्थिर असते म्हणून हे आजवर निभावले. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते-येते, तिथे हा एसएमपीएस मरेल आणि मरताना मदरबोर्ड किंवा कार्ड सोबत नेईल अशी मला धास्ती वाटते. तो आल्या दिवशी काढून टाकायचा आणि नामांकित कंपनीचा, कार्यक्षमतेच्या ब्राँझ प्रतीचा 550 वॅटचा बसवायचा. त्याला साडेचार हजार पडतील.

आता हिशेब. कार्ड 16 हजार, प्रोसेसर साडेसात, मदरबोर्ड साडेचार, ड्राइव्ह 3, कॅबिनेट दीड. रॅमला मी 6 हजार धरले, ते वाचून तू चमकशील. पण 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवत आहेत, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये आपला क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळण्याचे जाहीर केले. एसएमपीएसचे शून्य. बेरीज साडेअडतीस हजार. एसएमपीएसला शून्य धरले आहे, तेव्हा नव्याचा खर्च पुन्हा त्यातून वजा करायचा नाही, नाहीतर आपण त्या मुलावर अन्याय करू. तो खर्च तुझ्या बाजूला धरायचा.

याच ताकदीचा नवा संच जीएसटीसह 74 हजारांना बसेल असे लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने लिहून दिले आहे, त्यात बहुतेक भागांना तीन वर्षांची वॉरंटी. या जुन्या कार्डाची आणि प्रोसेसरची वॉरंटी 2024 मध्येच संपली. म्हणून मी असा विचार केला, की वर्षभराने कार्ड मेले तर काय? 53 हजारांना घेतलेस, एसएमपीएस धरून साडेसत्तावन्न झाले, वर दुसऱ्या जुन्या कार्डाचे 16, म्हणजे साडेत्र्याहत्तर. नव्याच्या भावात जुने यंत्र तुझ्या गळ्यात. हेच 42 ला मिळाले, तर एसएमपीएस आणि दुसरे कार्ड धरूनही साडेबासष्टच होतात आणि साडेअकरा हजार तुझ्या खिशात राहतात. या फरकापोटीच वॉरंटी सोडायची. फरक नसेल तर सोडू नये.

मी 38 पासून सुरुवात केली, तो 50 वर आला. पट्टीवरचा 26 चा आकडा त्याला टॉर्चखाली दाखवला, तेव्हा तो 45 वर आला. चहा झाला. निघताना 42 वर थांबला आणि त्याखाली उतरणार नाही असे म्हणाला. संच सुटा न विकता जोडलेला, चालता मिळतो आहे, बिल सोबत आहे आणि माणूस सरळ आहे, याचे मी साडेतीन हजार द्यायला तयार आहे. तेव्हा माझे मत: 53 ला नको, 45 ला मी स्वतः घेतला नसता, 42 ला घ्यावा.

सॉफ्टवेअरची काळजी नको. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण यावर विंडोज 11 रीतसर चालते. काल तेच होते. पैसे देण्यापूर्वी त्याला त्याचे खाते काढायला लावून ड्राइव्ह कोरा करून घेईन. मदरबोर्डवर वायफाय नाही, तेवढा डोंगल चिरंजीवाला आणून ठेवायला सांग. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लावायची, मदरबोर्डच्या नव्हे. या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नाही, तिथे लावली तर पडदा काळाच राहील आणि रात्री अकराला तू मला फोन करशील.

न्यायची व्यवस्था अशी, की तुझा भाचा शुक्रवारी गाडीने येणार आहेच. मी कार्ड काढून वेगळ्या खोक्यात देईन, कारण जड कार्ड खाचेत ठेवून घाटातून नेले तर खाच तुटते. मुलाकडे कार्डाचे मूळ खोके आहे, ते मागून घेतले आहे. कॅबिनेट आडवे ठेवायचे, काचेची बाजू वर, आणि त्यावर आंब्याची पेटी सोड, पिशवीसुद्धा ठेवायची नाही, हे भाच्याला बजावून सांग.

मी विसार दिलेला नाही. आणखी एक गिऱ्हाईक गुरुवारी संध्याकाळी पाहायला येणार आहे असे मुलगा म्हणाला. खरे असेल, नसेलही, पण बुधवारी रात्री नऊपर्यंत तुझा होकार आला तर गुरुवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मुलुंडला जाऊन पैसे देऊन येतो. नकार असेल तरी कळव, म्हणजे त्या पोराला ताटकळत ठेवायला नको.

काकूंना सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिरंजीवाला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या

ता. क. कार्डाचा तो कटकटणारा पंखा मी मोबाइलवर रेकॉर्ड केला आहे. क्लिप रात्री पाठवतो. चिरंजीवाला ऐकव, म्हणजे नंतर तो आवाज आला तर घाबरणार नाही.