आजीचे अनुस्वार

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. मागच्या आठवड्यात नाशिकला वाडा रिकामा करायला आले होते, तेव्हा आजीच्या पत्र्याच्या पेटीतली एक वही तुम्हाला न विचारता उचलून आणली. बाबा, तुम्ही रद्दीवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होतात, आई देवापाशी होती. वही पर्समध्ये टाकली आणि एसटीत बसल्यावरच उघडली. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, मान वर केली नाही.

जमाखर्चाची वही आहे. कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, शिवण सुटलेली. दूध, रॉकेल, गिरणी, सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची, वर्गणी. पण दुसऱ्याच पानावर मी हसायला लागले, शेजारच्या काकू बघायला लागल्या. आजी लिहिते: ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’, ‘नाहीं’. सगळे अनुस्वार जागच्या जागी!

हीच ती बाई जिने चौथीत ‘नांव’ लिहिलं म्हणून माझा अर्धा गुण कापला होता. मी म्हटलं, देवघरातल्या पोथीत असंच आहे. तर म्हणाली, पोथी 1962 च्या आधीची आहे, तू नंतरची आहेस. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. तोवर आजी सात वर्षं फळ्यावर ते ठिपके देत होती. एके दिवशी तिने ते थांबवले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत एकही दिला नाही. शाळेत. घरी मात्र हिशेबाच्या वहीत, जिथे कुणी तपासायला येणार नव्हतं, तिथे देत राहिली.

तिला हे नवीन नव्हतंच म्हणा. नये पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, तेव्हा ती नोकरीत नवखी होती. ती गोष्ट ती कितीदा सांगायची! रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले, म्हणजे आण्याला सव्वासहा. आता सव्वासहाचं नाणं आणायचं कुठून? मग कोष्टक पाठ करून घ्यायचं: एक आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. पोरं विचारायची, बाई, तीन सक अठरा ना? आजी म्हणायची, त्यांचं बरोबर होतं आणि मला ते चूक म्हणून सांगावं लागायचं. पाठोपाठ शेर-छटाक गेले, किलो-ग्रॅम आले. पावकी-निमकीचे पाढे शाळेतून उठले, ते आमच्याकडे पोळ्या लाटताना चालू राहिले.

लाल शाईचा त्रास मात्र सगळ्यांनी भोगला. आई, तुझ्या किराण्याच्या यादीतल्या ‘जीरे’चं ती ‘जिरे’ करायची आणि तू दोन दिवस घुश्शात असायचीस. हॉस्टेलवरून मी लिहिलेलं पहिलं पत्र तिने मलाच परत पाठवलं होतं. मी रडून रडून चार पानं भरली होती. तिने तळाशी एवढंच लिहिलं: ‘खुशाली कळली. आणि ऱ्हस्व. पैसे पाठवत आहे.’ मी सगळीकडे ‘आणी’ लिहिलं होतं. खरं सांगते, तेव्हा फार राग आला होता. आजही पूर्ण गेलेला नाही.

शाळेत तिला आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाबा, तुम्हीही तिच्या वर्गात होतात, तुम्हाला दोन छड्या जास्त मिळायच्या म्हणे. आमच्या वर्गाला ती काळाराम मंदिरात घेऊन गेली होती. शाळेपासून चालत दहा मिनिटं. दारात पोचल्यावर आत सोडेचना. चपला काढून तसंच उन्हात उभं केलं. पाय भाजत होते. मग म्हणाली, 2 मार्च 1930 पासून बाबासाहेब आंबेडकरांची माणसं इथं अशीच दाराबाहेर उभी होती, त्यांना आत येऊ देत नव्हते. सत्याग्रह पाच वर्षं चालला. आता चला आत. कुणाच्या तरी वडिलांनी त्यावरून शाळेत येऊन आरडाओरडा केला. आजीने घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मला वर्गातल्या मुलीकडून कळलं.

पेटी तर तुम्हाला आठवत असेलच. 2008 च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, आणि तुम्ही धान्याचे डबे उचलत होतात तर ती ओरडली, आधी पेटी माळ्यावर चढवा! आम्हाला वाटलं, आत दागिने असतील.

नारायणगावला बस थांबली तेव्हा मी 1979 पर्यंत पोचले होते. त्या पानांवर दर जूनमध्ये एकच नोंद येते: ‘दोन मुलांस पाट्या नाहींत. आणल्या.’ कधी दोन, कधी चार. एकदा ‘गणवेश, 1’. आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘यांना सांगितलें नाहीं.’ आजोबांना खरंच ठाऊक नव्हतं का, बाबा? की ठाऊक असून ते गप्प बसायचे?

पण हे पत्र मी खरं तर दुसऱ्याच नोंदीसाठी लिहायला बसले. फोनवर विचारलं असतं, तर आई, तू ‘काहीतरीच काय’ म्हणून विषय बदलला असतास. तुमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं असेल. भाजी आणि इस्त्रीच्या मध्ये लिहिलंय: ‘सूनबाईस डी.एड.चा फॉर्म आणला. नको म्हणाली. पुन्हां विचारणें.’

पुढच्या महिन्यात: ‘पुन्हां विचारलें.’

त्यापुढे काहीच नाही. थेट तेलाचा डबा.

शनिवारी येतेय, वही घेऊन येते. बाबा, तोवर पेटी रद्दीवाल्याला देऊ नका. आणि आई, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस, ते मला सांग.

तुमची,
लेक