व्हील सोडू नका

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय नंदू,

मी शर्यतीत उतरलो! फोन करणार होतो, पण फोनवर हे सांगून व्हायचं नाही. घरातले सगळे झोपलेत, मी पायांना तेल चोळून बसलोय, उजव्या मांडीचा गोळा अजून मधूनच उडतोय.

खंडाळा आठवतं ना? आठवीत असताना तुझ्या मामांनी आपल्याला मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला नेलं होतं. बोरघाट चढून पहिला गडी आपल्या अगदी समोरून गेला, तेव्हा त्याच्या चेनची करकर आणि त्याचा श्वास, दोन्ही ऐकू आले होते. ‘घाटाचा राजा म्हणतात याला,’ मामा म्हणाले. परतताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून तू म्हणालास, ‘आपण पण, एकदा.’ मग दहावी आली, बारावी आली, तू नागपूरला गेलास. ते ‘एकदा’ माझ्या डोक्यातून काही गेलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये इथे पुणे ग्रँड टूर झाली, चार टप्पे, ४३७ किलोमीटर. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते परदेशी रायडर वाऱ्यासारखे जाताना पाहिले आणि तिथेच ठरवलं, या वर्षी नाव द्यायचंच.

चार महिने पहाटे उठलो. मंगळवारी आणि गुरुवारी कात्रजचा जुना घाट, बोगद्यापर्यंत वर, खाली, परत वर. शनिवारी कधी बोपदेव, कधी दिवे घाट. दिवे घाटात उजाडताना खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो. वारीच्या दिवसांत माउलींची पालखी हाच चढ चढते, हे आठवलं की पायडल जरा हलकं वाटतं. तब्येत झकास झाली. पण मी सगळा सराव एकट्याने केला, आणि शर्यत ही एकट्याची गोष्ट नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासवडच्या बाहेरून सुरुवात, नारायणपूरवरून पुढे घाट उतरायचा, केतकावळ्याच्या अलीकडे वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. पन्नासेक किलोमीटर. हौशी गटात आम्ही बासष्ट जण होतो, निम्मे तर माझ्या मुलाच्या वयाचे.

नंदू, त्या घोळक्याच्या आत काय असतं, ते तुला दाखवता आलं असतं तर! बासष्ट फ्रीव्हील एकदम टिकटिकतात. पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुझं पुढचं चाक एक वीत लांब, वेग चाळिसाच्या आसपास, आणि ब्रेकला हात लावायचा नाही. पुढून कुणीतरी ओरडतो, ‘खड्डाऽ’, तोच शब्द तोंडातोंडी मागे येतो, आणि सगळा घोळका पाण्यासारखा त्या खड्ड्याला वळसा घालून जातो. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, त्याच्या पाठीवर भरवसा टाकून चालवायचं. आणि हवा! वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, तो तोडायला ताकद आठपट लागते. कुणाच्या तरी मागे राहिलं की तीसेक टक्के ताकद वाचते. आकडा वाचला होता मी, पण अंगाला आजच कळला. कात्रजला एकट्याने जो वेग दहा मिनिटं टिकत नव्हता, त्या वेगात मी आरामात पाणी पीत होतो.

चूक एवढीच, की भीतीपोटी मी शेवटी राहिलो. वळणावर पुढचे हळू होतात, वळतात, आणि सुसाट सुटतात; मागचा अजून ब्रेकवरच असतो. मग पुढच्यांनी पाच सेकंद मारलेला जोर त्याला तीस सेकंद मारावा लागतो. त्यात वळणावरची बारीक खडी झाडलेली नव्हती. माझ्यापुढचा एक जण घसरून आडवा झाला. कोपर सोलवटलं, उठला बिचारा, पण तो सावरेपर्यंत घोळका दोनशे मीटर पुढे गेला होता. रस्ता झाडायला दोन माणसं आणि दोन खराटे लागतात, नंदू. शर्यत घेणाऱ्यांनी एवढं तरी करायलाच हवं. मला अजून राग येतोय.

समोरून वारा, मी एकटा. घोळका लहान होत होत दिसेनासा झाला. खरं सांगतो, तेव्हा डोळे भरून आले. चार महिन्यांच्या पहाटा त्या वळणावर सांडल्यासारख्या वाटल्या.

तेवढ्यात डाव्या बाजूने एक पोरगा पुढे आला. विशीचा असेल. जुनी सायकल, हँडलला इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली. मागे न बघताच ओरडला, ‘काका, व्हील सोडू नका!’ मी पकडलं त्याचं व्हील, म्हणजे त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलो. मिनिटभर तो पुढे, मग कोपर हलवून इशारा, की मिनिटभर मी. वाटेत मागे पडलेले आणखी दोघं आम्हाला मिळाले, चौघांची साखळी झाली. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. घाटाच्या पायथ्याशी आम्ही अकरा जणांना गाठलं होतं!

घाटात मात्र ज्याचे त्याचे पाय. चढाला वेग कमी, तिथे कुणाच्या आडोशाचा फारसा उपयोग नाही. तो पोरगा मागे वळून माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, ‘जा तू.’ तो सीटवरून उठला आणि गेला, आणि मला एकदम खंडाळ्याचा तो आवाज ऐकू आला, चेनची करकर आणि श्वास. या वेळी श्वास माझा होता.

चौतिसावा आलो. एक तास चव्वेचाळीस मिनिटं. पोरगा शेवटच्या रेषेपलीकडे सायकलला टेकून उभा होता. त्याने स्वतःची अर्धी उरलेली बाटली माझ्या हातात दिली. पाणी ऊन झालेलं होतं, मी ते सगळं प्यायलो.

दिवाळीत तू येतोयस. माझी आधीची सायकल तेलपाणी करून, नवे टायर टाकून तुझ्यासाठी ठेवलीय. पहाटे कात्रजला जाऊ, पहिले चार दिवस मी पुढे राहीन, तू नुसतं माझ्या चाकामागे राहायचं, मग पाळीपाळीने. आता एक काम कर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, मांड्यांमध्ये एखादं जाड पुस्तक वर घट्ट दाबून धर, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर वहिनींना सेंटिमीटरमध्ये मोजायला सांग. त्याला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची निघते. तो आकडा उद्याच कळव, म्हणजे मी सीट लावून ठेवतो.

तुझा,
अवी