अण्णा, बंद ठेवलेल्या मागांबद्दल आभार

आदरणीय अण्णा,
सा. न.

तुम्ही व्हॉट्सॲप बघत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नात वाचून दाखवेलच.

आम्ही पोरं काय मोजतोय, हे तुम्ही विचारलं होतंत. मागांच्या खडखडाटात नीट सांगता आलं नव्हतं. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असतं, म्हणून आतली माणसं तरंगतात. तरी पंखे, पंप, ट्रेडमिलवर पळणारा अंतराळवीर, विरळ हवेचा अडथळा यांचे हादरे उरतातच. स्फटिक वाढवण्यासारख्या प्रयोगांना तेवढेही बाधतात, म्हणून नासाचे सेन्सर २००१ पासून तिथे ते टिपत आहेत.

असल्या सेन्सरात सिलिकॉनचा इवलासा तुकडा स्प्रिंगांवर टांगलेला असतो. स्प्रिंग सेकंदाला १०० कंपनांची धरली, तर गुरुत्वाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या धक्क्याने तो अणूच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका सरकतो! आमचा विकतचा सेन्सर इतका नाजूक नाही. पण पूर्वभागात, म्हणजे इथल्या मागांच्या वस्तीत, खोली घेऊन त्याचा स्वतःचा गोंगाट (काही हलत नसतानाही तो दाखवतो ती थरथर) मोजायचा म्हणजे धाडसच.

सेकंदाला किती कंपनांचा हादरा किती मोठा, याच्या आलेखावर उंचवटेच उंचवटे. सर म्हणाले, फिल्टर लावा. तुम्ही म्हणालात, "माग बंद करून बघू की." आणि भर पाळीत एकेक माग थांबवलात. मिनिटाला १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेका), म्हणजे सेकंदाला दोन; तो उंचवटा गेला. सेकंदाला चोवीसचा मात्र हटेना. तुम्ही फरशीवर तळवा टेकवलात आणि आम्हाला थेट मागच्या बाजूच्या मोटरीपाशी नेलंत. पाटीवर मिनिटाला १४४० फेरे. भागिले ६०, बरोबर चोवीस. स्थानकावरच्या नोंदींतही हेच करावं लागतं: कुठली रेघ कुठल्या पंपाची, कुठली पंख्याची.

शिवाय सेन्सरखालच्या जमिनीत एक माइक्रोरेडियन, म्हणजे किलोमीटरमागे एक मिलिमीटर तिरकेपणा आला, तरी गुरुत्वाचा तोच दहा लाखावा भाग सेन्सरवर पडतो. म्हणून तुमच्या आजोबांच्या हातमागाचा खड्डा मिळाला, हे आमचं नशीब. तळाची शहाबादी फरशी हलत नाही, रात्री रस्ताही शांत. सेन्सरचा खरा गोंगाट तिथेच हाती आला.

थांबवलेल्या मागांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान एवढं कळवा, अहवालात पूर्ण नाव लिहू की नुसतं अण्णा?

आपले,
पलीकडच्या खोलीतली पोरं
सोलापूर