‘हंटिंग अँड बुचर’ चाकू सेटबाबत तक्रार : सदोष सत्तूर, खोटे दावे आणि नाकारलेला परतावा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : मटण दुकानासाठी घेतलेल्या तीन नगांच्या सेटचे पैसे परत मिळणे व जाहिरात मागे घेणे याबाबत.

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यात आमचे मटणाचे दुकान आहे. आजोबांपासून हाच धंदा. आपल्या साइटवरून मी सोलायची सुरी, हाडापासून मांस सोडवायची निमुळती सुरी आणि सत्तूर असा सेट घेतला. जाहिरात मराठीत होती. ‘खाटीक बांधवांसाठी खास, बकऱ्याचे कटिंग आता सोपे’ असा मजकूर आणि शेजारी हरणाचे चित्र. ठळक अक्षरांत तीन दावे होते : शंभर टक्के स्टेनलेस, पाते मुठीच्या टोकापर्यंत अखंड, कडकपणा रॉकवेल या पोलादाच्या मापावर ६० च्या वर. त्यातले पहिले दोन खोटे निघाले. तिसरा खरा आहे, आणि सगळ्यात मोठे नुकसान त्यानेच केले.

गावच्या यात्रेला पहाटेपासून आम्हाला मळ्यामळ्यातून बोलावणे असते. मुलाणी हलाल करून देतो, तिथून पुढे सोलणे, पोट काढणे, तोडणे हे काम आमचे. बोकड आंब्याच्या फांदीला मागच्या पायांनी टांगायचा, पाणी बादलीतले, वीज नाही, आणि एक उतरेपर्यंत दुसऱ्या घरचा माणूस येऊन उभा. अशा एका घरी नळी फोडताना आपल्या सत्तुराच्या धारेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा उडाला. कुठे गेला ते दिसले नाही. घरात पाहुणे येऊन बसलेले, चूल पेटलेली. तोडलेले सगळे मटण मी बाजूला घेतले, एकेक फोड हाताने चाचपली, घरातल्या जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढून फिरवले. तुकडा मिळाला नाही. ते मटण टाकून दिले आणि माझ्या पदरचा बोकड कापून दिला. पैसे गेले त्याचे मला फार वाटत नाही. तो तुकडा रश्शातून एखाद्या पोराच्या घशात गेला असता, तर मी त्या घराला काय तोंड दाखवले असते? हे पत्र लिहायचे मुख्य कारण हे आहे.

माझा पुतण्या शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामावर आहे. त्याने तिन्ही नग मशीनवर तपासले. तिन्हींचा कडकपणा ६१ च्या आसपास भरला. आपण हे गुण म्हणून छापले आहे, पण मटणाच्या कामात हाच दोष आहे. पोलाद जितके कडक तितकी धार जास्त टिकते हे खरे, पण तितकेच ते ठिसूळही होते. पातळ सुरी मांस आणि कातड्यातून फिरते, तिला एक वेळ कडकपणा चालतो. सत्तूर हाडावर आदळतो. त्याचे पोलाद त्यामानाने नरम आणि चिवट हवे, धार जाड कोनाची हवी, म्हणजे जोराचा घाव बसला तर धार दबेल किंवा वळेल, तुकडा उडणार नाही. आमच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेला सत्तूर वर्षानुवर्षे नळ्या फोडतो आहे. त्याची धार दबते, दगडावर घासली की परत येते.

तो सोडून मी आपला का घेतला, तर कमानपाटा गंजतो. मटण दुकानातल्या सुऱ्या आणि आकडे स्टेनलेस स्टीलचे असावेत असे अन्न सुरक्षेच्या नियमांत आहे, आणि तपासणीला आलेला अधिकारी आधी हत्यारांकडे बघतो. ‘शंभर टक्के स्टेनलेस’ हे शब्द वाचूनच मी पैसे भरले. प्रत्यक्षात पात्यावर डी२ या जातीच्या पोलादाचा शिक्का आहे. या पोलादात क्रोमियम साधारण १२ टक्के असते, पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असल्यामुळे बरेचसे क्रोमियम त्या कार्बनशीच बांधले जाते आणि गंज रोखायला पुरेसे उरत नाही. जाणकार त्याला पूर्ण स्टेनलेस म्हणत नाहीत. सुऱ्या धुऊन, पुसून ठेवल्या तरी सकाळी धारेलगत तांबूस ठिपके होते. फोटो जोडले आहेत.

सेट कुठल्या कामासाठी बनवला आहे, हे तो हातात घेतल्यावर कळते. अमेरिकेत परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतात. शिकारी रानात जमिनीवरच त्याचे पोट काढतो, म्हणून कमरेला राहील अशी तीन-चार इंची आखूड सुरी वापरतो. आतडे न फाटता पोट उघडावे म्हणून काहींच्या पात्याच्या पाठीला आकडा असतो, तसाच आपल्या सोलायच्या सुरीला आहे. घरी नेल्यावर बरेच जण सांधे सोडवून मांस हाडावेगळे करतात. तिथल्या हरणांत पसरलेल्या एका मेंदूच्या रोगामुळे कण्याचे हाड कापू नका, असा सल्ला सरकारी खातीच देतात. म्हणजे हाड फोडणे हे त्यांचे रोजचे काम नाही. एका दमात एक जनावर, तेही सवडीने. त्यांच्या कामाला ती हत्यारे चांगलीच असतील, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमचे मटण हाडासकट विकले जाते. चाप, सीना, नळी, मुंडी, पाये हे सगळे फोडल्याशिवाय कोल्हापुरात तांबडा-पांढरा होत नाही. आणि बोकड टांगलेला असल्यामुळे पोट उघडताना आम्ही दोन बोटे आत घालतो, पाते त्या बोटांच्या मध्ये धार बाहेर करून धरतो आणि वरून खाली आणतो. आतड्याला आणि पित्ताला टोक लागत नाही. पित्त फुटले की कलेजी कडू झाली म्हणून समजा. या पद्धतीत आकड्याचा उपयोग शून्य, उलट अडचण आहे. बोकडाचे कातडे पातळ, आकड्यात केस आणि चरबी गच्च बसते, आणि अंगठा पाठीवर ठेवून सुरी आखूड धरायला गेले की आकडा अंगठ्याला लागतो. कातडे आम्ही बहुतेक मुठीने सोडवतो, सुरी लागते ती पायाशी सुरुवात करायला आणि जिथे चिकटले आहे तिथे. तेवढ्यात या आकड्याने कातड्याला भोके पाडली. भोक पडलेल्या कातड्याला व्यापारी निम्माही भाव देत नाही. शिवाय इतके कडक पाते सळईवर चार हात मारून धारेवर येत नाही. मळ्यात दुसरे साधन काय असणार? खाटकाच्या सुरीचा कडकपणा साधारण ५६ ते ५८ ठेवतात तो याच कारणाने.

मुठीची गोष्ट तर सरळ फसवणुकीची आहे. निमुळत्या सुरीने फरा सोडवताना मूठ हातात फिरली आणि दुकानातल्या पोराच्या तळहाताला टाके पडले. मूठ फोडून पाहिली. पाते निम्म्यातच संपलेले, पुढे नुसते पोकळ प्लास्टिक. वरून दिसणारे तीन रिव्हेट शोभेचे आहेत.

हरणाच्या चित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. आपल्या देशात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आमच्या भागाला लागून राधानगरीचे अभयारण्य आहे. ज्या सेटच्या खोक्यावर हरीण आणि ‘हंटिंग’ छापले आहे, तो दुकानात ठेवलेला वनखात्याच्या माणसाने पाहिला तर खुलासा मी करायचा. आमच्या समाजाकडे आधीच वाकड्या नजरेने बघणारे थोडे नाहीत.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा ‘धारदार वस्तू वापरल्यावर परत घेत नाही’ हे एकच उत्तर मिळाले. न वापरता सत्तूर तुटतो की नाही, हे मला कसे कळणार होते? ई-मेल केला, त्याची पोच नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. खोटे वर्णन करून माल विकणे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

तरी सेटची पूर्ण रक्कम, टाकून दिलेल्या मटणापोटी द्यावा लागलेला बोकड आणि पोराचा दवाखान्याचा खर्च मला द्यावा. बिले सोबत आहेत. तिन्ही नग माझ्याकडे तसेच ठेवले आहेत, ते आपल्या खर्चाने नेऊन तपासावेत. त्याहून निकडीचे म्हणजे ‘खाटीक बांधवांसाठी’ हा मजकूर आणि स्टेनलेसचा दावा लगेच काढावा, आणि ज्यांनी हा सत्तूर घेतला आहे त्या प्रत्येकाला, हाडावर वापरू नका, असा मेसेज पाठवावा. ग्राहकांचे नंबर आपल्याकडे आहेत. आखाड तोंडावर आला आहे, त्या दिवसांत दुकानांत सत्तुराला उसंत नसते. मेसेज त्याआधी गेला पाहिजे.

महिन्याभरात उत्तर आले नाही तर मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा दाखल करणार आहे. मोडलेला सत्तूर आणि फोडलेली मूठ तिथे हजर करीन.

आपला,
एक मटण दुकानदार,
जि. कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तिन्ही नगांचे फोटो, कडकपणा तपासणीची नोंद, दवाखान्याची बिले.