अंगावर काढलेली दुखणी कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सर्व नागरिकांना आरोग्यसेवेची हमी देणं देशाला परवडणार नाही, हे सांगणारा परवाचा अग्रलेख वाचला. पत्र लिहायला एक दिवस मुद्दाम थांबले, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर शब्दांवर ताबा राहिला नसता. उपचार मोफत झाले की लोक सर्दी-पडशासाठीसुद्धा दवाखान्यात गर्दी करतील, असं आपण लिहिलंत. ही न झालेली गर्दी आपल्याला दिसली, पण पैशांच्या धास्तीने आज दुखणं अंगावर काढणारी माणसं दिसली नाहीत. माझी थोरली बहीण त्यांतलीच होती.

छातीतली गाठ तिने सात महिने कुणाला सांगितली नाही. दुखत नव्हती, वाटलं आपोआप जिरेल, असं ती नंतर आम्हाला सांगायची. खरं कारण वेगळं होतं. आधी डॉक्टरांची फी, मग तपासण्या, त्यात काही निघालंच तर ऑपरेशन, असा सगळा हिशेब तिने मनातल्या मनात मांडला होता आणि मुलांचं शिक्षण संपेपर्यंत तो पुढे ढकलायचं ठरवलं होतं. शेवटी तपासणी झाली तेव्हा रोग काखेपर्यंत पोहोचला होता. डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल करून घेणार नाही, असं रुग्णालयाच्या काउंटरवर सांगितलं, तेव्हा आम्ही भावंडं बाहेरच्या बाकावर बसून एकेका नातेवाइकाला फोन करत होतो. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, "किती झाले गं?" ती पैशांबद्दल विचारतेय हे कळायलाच मला क्षणभर लागला. त्यानंतर ती दोन वर्षं जगली. त्या दोन वर्षांत, आपल्यामुळे सगळे कर्जात गेले, हे तिने किती वेळा म्हटलं याची गणती नाही.

ब्रिटनमध्ये मोफत सेवेचा खर्च पहिल्याच वर्षी अंदाजाबाहेर गेला, हे आपण आवर्जून सांगितलंत. ५ जुलै १९४८ ला ती सेवा सुरू झाली आणि चष्मे व कवळ्यांसाठी रांगा लागल्या, हे अगदी खरं. पण हौस म्हणून कुणी कवळी बसवून घेत नाही, संपादक महोदय. ज्यांना वर्षानुवर्षं नीट दिसत नव्हतं, चावता येत नव्हतं, त्यांची ती रांग होती. १९५१ मध्ये सरकारने चष्म्या-कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याचा उल्लेख अग्रलेखात नाही.

खिशातून थोडे पैसे द्यावे लागले की लोक विचारपूर्वक उपचार घेतात, या आपल्या म्हणण्याची परीक्षा अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या रँड संस्थेच्या प्रयोगात झाली आहे. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत होते, इतरांना खर्चाचा कमी-जास्त वाटा उचलावा लागत होता. वाटा उचलणाऱ्यांनी डॉक्टरकडे जाणं कमी केलं आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तब्येतीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, इथवर आपलं बरोबर आहे. पण त्यांनी गरज नसलेले उपचार टाळले तसे गरजेचेही टाळले. आणि ज्या गरिबांना आधीच रक्तदाब होता, त्यांचा रक्तदाब मोफत उपचार मिळाले तिथेच अधिक आटोक्यात राहिला. दुखण्यातलं कुठलं किरकोळ आणि कुठलं जीवघेणं हे डॉक्टरकडे जाण्याआधी रुग्णाने ओळखायचं तरी कसं? माझ्या बहिणीला ते ओळखता आलं नाही.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न रास्त आहे, मी तो झटकत नाही. जर्मनीत १८८३ पासून कामगार आणि मालक मिळून वर्गणी भरत आले. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना हमी दिली तेव्हा मोठ्या आर्थिक संकटाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. कराच्या पैशातून योजना चालली आणि रुग्णाकडून एका भेटीचे ३० बात (बात हे तिथलं चलन) घेतले गेले. हमी दिलेल्या देशांतही ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, ब्रिटन आणि कॅनडातले लोक त्याबद्दल कायम तक्रार करतात. तरीही रुग्णालयाच्या बाकावर बसून डिपॉझिटसाठी फोन करण्यापेक्षा मी त्या रांगेत उभी राहीन.

आणखी एक. अग्रलेखभर आपण आजारी माणसाला 'लाभार्थी' म्हटलं आहे. कॅन्सरमध्ये कसला लाभ? 'रुग्ण' हा शब्द आपल्या भाषेत आहे, तो वापरत चला, ही कळकळीची विनंती.

मागच्या वेळी माझं पत्र निम्म्याहून अधिक कापून छापलंत. या वेळीही जागा कमी पडली, तर रँड आणि थायलंड खुशाल गाळा. बहिणीने विचारलेला प्रश्न मात्र राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक