कुटुंबासह? कोणाच्या कुटुंबासह?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले ऑस्ट्रेलियातील भारतीयद्वेषावरचे स्फुट वाचले. तिथल्या विरोधी पक्षाच्या सिनेटर जॅसिंटा प्राइस भारतीय स्थलांतरितांबद्दल वाटेल ते बोलल्या, त्यांचा खरपूस समाचार घेतलात, छान केलेत. तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुझन ली यांनी भारतीय समाजाची माफी मागितली म्हणून त्यांची पाठ थोपटलीत, तेही ठीक. फक्त एक निसटले. ज्यांनी मुक्ताफळे उधळली त्या प्राइसबाईंनी माफी मागितलेलीच नाही. आणि त्यांचे छाया मंत्रिमंडळातले पद गेले ते लीबाईंच्या नेतृत्वाला पाठिंबा आहे असे म्हणायला त्यांनी नकार दिला म्हणून. आपल्या अपमानाचे कोणाला एवढे पडले होते, असे मला तरी वाटत नाही.

असो. माझा संताप झाला तो तुमच्याच एका वाक्याने. मजूर पक्षाचे सरकार भारतीयांना मोठ्या संख्येने आणते, कारण भारतीय त्याच पक्षाला मते देतात, असे प्राइसबाईंचे म्हणणे. ते खोडताना तुम्ही लिहिता, की गुणवत्तेच्या जोरावर भारतीय तेथे ‘कुटुंबासह स्थायिक’ झाले. संपादक महाशय, तुमच्या कुटुंबात आई-वडील धरतात की नाही?

माझा मुलगा मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतो. त्याने आम्हा दोघांना कायमचे तिकडे बोलवायचे मनावर घेतले तेव्हा आम्हाला त्यांचा नियम कळला. पालकांना कायमचा व्हिसा हवा असेल तर निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशात आहेत त्याहून जास्त तिकडे हवीत. आम्हाला तीन अपत्ये. थोरली नाशिकला, धाकटी बदलापूरला, मधला टार्नीटला. म्हणजे आम्ही नापास! जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचे पेपर तपासले, पण स्वतःची मुले जास्त झाली म्हणून नापास व्हायची वेळ येईल असे वाटले नव्हते. मुलगा स्पीकरवर म्हणाला, “आई, दोघींपैकी एकीला इकडे उचलून आणू का?” बदलापूरचे जावई शेजारीच बसलेले. अजून तो विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलतो.

जे पास होतात त्यांचे तरी काय? माझ्या मैत्रिणीला एकुलता एक मुलगा, म्हणजे ती फर्स्ट क्लासात पास. तिला कळले की साध्या पालक व्हिसाला तीस वर्षांहून जास्त थांबावे लागेल. बाई साठी केव्हाच ओलांडून बसली आहे! रांग जरा लवकर सरकावी असे वाटत असेल तर पैसे भरायचा वेगळा व्हिसा आहे. माणशी पन्नास हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आपले २५ लाखांच्या वर, आणि तिथेही दहा वर्षांहून जास्त वाट आहेच. वर्षाला पालकांच्या जागा साडेआठ हजार, त्याही जगभरातल्या सगळ्या आई-बापांत मिळून. ही रांग क्रूर आहे असे त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये लिहून ठेवले. लिहिले आणि फाइल बंद. उरला तो फिरायला जायचा व्हिसा. आमच्या ‘ह्यां’नी पंचाहत्तरी गाठली आहे, त्यामुळे त्यासाठीसुद्धा आधी त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरकडे तपासणी.

आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला तिकडे स्थलांतरितांविरोधात जो मोर्चा निघाला त्याच्या पत्रकात काय, तर ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले! भारतात जन्मलेले तिकडे नऊ लाखांच्या वर आहेत, हे खरे. पण तिकडच्या सरकारला टॅक्स भरायला आणि रात्रपाळ्या करायला तरुण माणसे हवीत, त्यांची म्हातारी नकोत. प्राइसबाईंना हे कोणी सांगितले नाही, आणि तुम्हीही नाही.

मतांचे म्हणाल तर मुलाला नागरिकत्व मिळेपर्यंत मत नव्हतेच. २०२५च्या मे महिन्यात तो मतदानाला गेला, कारण न गेल्यास दंड होतो. केंद्राबाहेर विकायला असलेले सॉसेज नातवाने खाल्ले एवढे मला कळले. मत कोणाला दिले ते तो सख्ख्या आईला सांगत नाही, प्राइसबाईंना बरे कळले!

३१ ऑगस्टच्या त्या रविवारी मेलबर्नमध्ये मोर्चानंतर नवनाझी टोळक्याने मूलनिवासींच्या तळावर हल्ला केला. ज्यांची ती भूमी मुळातली, त्यांनाच मारहाण. प्राइसबाई स्वतः मूलनिवासी आहेत. तुमच्या अंकात या हल्ल्याची ओळसुद्धा दिसली नाही. आणि वंशद्वेष, वंशद्वेष म्हणून आपणही फार गळा काढू नये. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परप्रांतीयांबद्दल जे फिरते ते इंग्रजीत केले तर त्या मोर्चात खपून जाईल. ऑस्ट्रेलियातल्या भारतीयद्वेषाच्या बातमीने हळहळणारे आणि हे मेसेज पुढे ढकलणारे सदस्य एकच आहेत.

ता. क. : मी भूगोल शिकवला आहे. स्फुटाशेजारच्या छायाचित्राखाली ‘मेलबर्नमधील दृश्य’ असे छापले आहे आणि चित्रात सिडनीचे ऑपेरा हाउस आहे. त्याच पानावर खाली ‘ऑस्ट्रेलियात शिका, तिथेच स्थायिक व्हा’ ही भलीमोठी जाहिरात. विद्यार्थी व्हिसाचे नुसते अर्जशुल्क जुलै २०२५ मध्ये दोन हजार डॉलर झाले आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, हे जाहिरातीत नसणारच. बातमीत तरी छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)