आधी चेंडू सांगा, मग राजकारण बोला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘क्रीडा समालोचकांनी राजकारणात पडू नये’ असं सांगणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यातलं निम्मं पटलं, निम्मं अजिबात पटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते. साखरेच्या दुखण्यानं दोन्ही डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली. सामना असला की ते टीव्हीजवळ खुर्ची ओढून, मान किंचित तिरकी करून ऐकत बसतात. मी घरीच साड्यांना फॉल-पिको करते. उजेडासाठी मशीन खिडकीशी ठेवलंय, त्यामुळे माझी पाठ टीव्हीकडे. एका खोलीत आम्ही दोघं सामना ऐकतो, बघत कुणीच नाही.

मागं एका सामन्याला एक पुढारी आले होते. कॅमेरा त्यांच्यावर गेला असावा, कारण दोघा समालोचकांनी एकदम त्यांचं कौतुक सुरू केलं. किती कामं केली, तरुणांना कसा आधार वाटतो, वगैरे. तेवढ्यात मैदानात गलका उठला. अण्णांनी हात वर केला, “काय झालं गं? गेला काय कोण?” मी मशीनचं चाक धरून मान वळवेपर्यंत पडद्यावर जाहिरात लागली होती. गडी बाद झाला होता. कसा, ते आम्हाला जाहिरात संपल्यावर कळलं. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले. मला मात्र फार लागलं ते. त्यांच्याकडे त्या सामन्याचं दुसरं काही नसतंच, फक्त आवाज असतो.

अण्णांनी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेलं आहे. डेपोत एका ट्रान्झिस्टरभोवती दहा-बारा ड्रायव्हर-कंडक्टर बसायचे. गोलंदाज कुठून निघाला, चेंडू कुठं पडला, अडवायला कोण धावलं, सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं, असं ते अजून सांगतात.

आता न पटलेलं निम्मं. त्या पत्रलेखकांना राजकारणाचा उल्लेखच नको आहे. जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला इंग्लंड-वेस्ट इंडिज कसोटीच्या पहिल्या सकाळी पाऊस लागला होता. खेळ थांबलेला असताना समालोचक मायकल होल्डिंग, वेस्ट इंडिजचे जुने वेगवान गोलंदाज, वर्णद्वेषावर बोलले. विजेचा दिवा म्हटलं की शाळेत एडिसनचं नाव शिकवतात, पण त्यातली कार्बनची तार सुधारणाऱ्या लुईस लॅटिमर या काळ्या माणसाचं नाव कुणी शिकवत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईवडिलांविषयी सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. नवरा जास्त काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी ते फोनवर लावून अण्णांना जमेल तसं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, “ह्यो माणूस बोलला ते बरं केलं.” एकही चेंडू त्यांनी बुडवला नाही, आणि जे बोलले ते स्वतःच्या अनुभवावरून बोलले.

इंग्लंडचे समालोचक जॉन अरलॉट तर त्याच्याही पुढं गेले. दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ १९७० मध्ये इंग्लंडला येणार होता, तेव्हा त्या दौऱ्याचं समालोचन करणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं. शेवटी तो दौराच रद्द झाला. आपणही १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाची अंतिम लढत तिथल्या वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेशी खेळलो नाही, चषक सोडून दिला. अण्णांना त्याचा अजून अभिमान आहे. या गोष्टी ‘राजकारण नको’ म्हणून गाळल्या तर खेळात सांगण्यासारखं काय उरतं?

मैदानात जे घडतं ते तर सांगायलाच हवं. २८ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आपण आशिया चषक जिंकलो आणि तो मोहसीन नक्वींच्या हातून घेतला नाही. ते आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष, पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख आणि त्याच देशाचे गृहमंत्री. त्याआधी १४ तारखेच्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात हस्तांदोलन झालं नव्हतं, आणि आपला कर्णधार सूर्यकुमारनं तो विजय सैन्यदलांना अर्पण केला होता. त्याला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची पार्श्वभूमी होती. हे योग्य की अयोग्य, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण व्यासपीठावर कोण उभं आहे आणि आपली मुलं दूर का थांबलीत, हे न बघणाऱ्याला सांगायचं कुणी?

आणि पुढाऱ्यांच्या कौतुकाला राजकारण का म्हणायचं नाही? होल्डिंग बोलले की ते राजकारण, आणि चालू षटकात कुणाच्या कामांचा पाढा वाचला की तो पाहुणचार, असं कसं? पाहुणे आले तर नाव सांगा, एवढं पुरे. कुठल्याही पक्षाचे असोत.

वाहिन्यांना माझी विनंती एवढीच, की गोलंदाज धावत निघाला की बाकीचं सगळं बंद करा. चेंडू कुठं गेला, किती धावा झाल्या, कोण बाद झाला ते आधी सांगा. बोलायचंच असेल तर चहापानाला बोला, पाऊस लागल्यावर बोला, आम्ही दोघं ऐकू. पत्र लिहून झाल्यावर अण्णांना वाचून दाखवलं. ‘धावसंख्याही दर षटकाला दोनदा सांगा म्हणावं, एकदा सांगितलेली गाड्यांच्या आवाजात चुकते,’ एवढं त्यांनी घालायला सांगितलंय, ते घालते.

आपली,
एक वाचक, मिरज